डिक्कीतला डबा

ऑगस्ट संपत आला की या देशाचं काही ठरत नाही. उन्हाळा गेला म्हणावं तर दुपारी पाठ भाजते, आहे म्हणावं तर संध्याकाळी कार्डिगन शोधत फिरावं लागतं. सुपरमार्केटच्या दारात शाळेचे युनिफॉर्म टांगलेले असतात, कुंपणावरची ब्लॅकबेरी निम्मी लाल, निम्मी काळी होऊन बसलेली असते आणि मुलांची सुट्टी काढून काढून सगळ्या आयांचे चेहरे सारखेच दिसायला लागतात. लहानपणी मला हे दिवस फार आवडायचे. आता पुढच्या वर्षी ते आले की मी काय करणार आहे, मला माहीत नाही.

कारण आमचा ऑगस्ट म्हणजे काउबॉयचं गाव. ब्रिस्टलहून दोनेक तासांवर, गाईंनी भरलेल्या हिरव्यागार टेकड्यांमध्ये कुण्या हौशी माणसानं अमेरिकेतलं जुनं वाळवंटी गाव उभं केलं होतं. पुढून लाकडी फळ्या, मागून पत्र्याची शेड. सलून होतं, म्हणजे दारूचा गुत्ता, त्यात ऑरेंज स्क्वॉश मिळायचं. बँक होती, ती रोज लुटली जायची. तुरुंग होता, त्यात प्रत्येक काकू आपापल्या काकांना कोंडून फोटो काढायची. फायबरच्या निवडुंगांवर हिरवं शेवाळ चढलेलं असायचं. वाळवंटातल्या झाडाला शेवाळ यायला इंग्लंडच पाहिजे. शेरीफ सॉमरसेटच्या शेतकऱ्यासारखा बोलायचा, कारण तो होताच सॉमरसेटचा शेतकरी. पाऊस आला की शेरीफ आणि दरोडेखोर एकाच पत्र्याखाली उभे राहून एकाच काडीवर सिगारेटी पेटवायचे.

पप्पांना ही जागा आमच्यापेक्षा जास्त आवडायची. विमानांच्या पंखांची गणितं करणारा माणूस, पण तिथं गेला की डोक्यावर हॅट आणि कमरेला प्लॅस्टिकचं पिस्तूल. गावाच्या मधोमध एक लोखंडी हापसा होता आणि त्याखाली घोड्यांसाठी लाकडी डोण. पप्पा दिवसभर हापसत बसायचे. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात असाच हापसा होता, पण तो आमच्या लोकांचा नव्हता. कुणीतरी येऊन वरून पाणी घालेपर्यंत आजी घागर घेऊन लांब उभी राहायची. हे त्यांनी मला रडून कधी सांगितलं नाही. ते दांडा धरायचे आणि ओरडायचे, या रे पोरांनो, हा हापसा सगळ्यांचा. मग सगळी मराठी पोरं भिजून चिंब. मी त्यातली सगळ्यात ओली.

आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं असू. ट्रिप ठरवायच्या नीलाकाकू. त्या आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या आणि त्यांची अदिती माझ्या वर्गात होती. ऑगस्टच्या मध्यावर त्यांचा फोन यायचा. कुणी पुलाव आणायचा, कुणी पुऱ्या, कुणी बटाट्याची भाजी, कोथिंबीर वडी, श्रीखंड, सगळं वाटून दिलेलं असायचं. आमच्याकडे दरवर्षी कागदी प्लेट्स, ग्लास आणि नॅपकिन. "वहिनी, तुम्हाला नोकरी असते, कशाला उगाच दगदग," असं त्या आईला सांगायच्या. नोकरी नीलाकाकूंनाही होती. बँकेत होती.

मला तेव्हा वाटायचं, काय आपलं नशीब! बाकीच्यांच्या आया पहाटे उठून तळतायत, आणि आपली आई मोकळी. सुंठीवाचून खोकला गेला. शिवाय पप्पा प्लेट्ससुद्धा साध्या आणायचे नाहीत. शनिवारी मला घेऊन मोठ्या दुकानात जायचे, जाड कागदाच्या, कडेला फुलांची वेल असलेल्या निवडायचे, नॅपकिन त्याच रंगाचे जुळवायचे. आणायच्या तर नंबर एक आणायच्या, म्हणायचे. मी अदितीला ऐटीत सांगायचे की आमच्या प्लेट्स सगळ्यात भारी आहेत. माझ्या त्या ऐटीची आठवण आली की अजून कान गरम होतात.

आणि तरी त्या दिवसातलं सगळ्यात गोड काय, असं कुणी विचारलं असतं तर मी ना बँक लुटली ते सांगितलं असतं, ना हापसा. मी सांगितलं असतं, परत येतानाचे धपाटे. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला पप्पा गाडी थांबवायचे. पेट्रोल, टॉयलेट आणि महागडी कॉफी मिळते ती जागा. पण तिच्या कार पार्कच्या कडेला गवताचा एक पट्टा होता. आई डिक्की उघडायची. इथं सगळे बूट म्हणतात, आई आजही डिक्कीच म्हणते. त्यातून मोठा स्टीलचा डबा निघायचा. जोंधळ्याच्या पिठाचे धपाटे, लसूण-मिरचीचा ठेचा घातलेले, ओवा चावताना दाताखाली यायचा. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. ओले मोजे गवतावर वाळत घातलेले, बाजूनं लॉऱ्या धडाडत चाललेल्या, आणि आम्ही तिघं मांडी घालून खातोय. दिवसभर पुलाव-पुऱ्या खाऊनही मला तिथं भूक लागायची.

डबा मात्र संपायचा नाही. संपेल कसा, तिघांसाठी आई अर्ध्या ब्रिस्टलला पुरतील इतके करायची. पुढचे चार दिवस शाळेच्या डब्यात धपाटे. मी कुरकुर केली की आई म्हणायची, अंदाज चुकला गं. आणि पप्पा हसून म्हणायचे, तुझ्या आईला अख्ख्या गावाचा स्वयंपाक करायची सवय आहे. आमच्या घरातला हा ठरलेला विनोद होता. आईचा अंदाज म्हणजे काही खरं नाही, असं मी लग्नानंतर नवऱ्यालाही सांगितलं. सांगताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली नाही: आई तेव्हा एका शाळेच्या किचनमध्ये काम करायची. रोज शेकडो पोरांचं जेवण करायची, आणि तिथं तिचा अंदाज कधी चुकल्याचं ऐकिवात नव्हतं.

या वर्षी अदितीच्या डोक्यात आलं की आपण सगळ्यांनी पुन्हा तिथं जायचं. ती जागा बंद होणार आहे म्हणे, घरं बांधणार आहेत. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. पप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून आई आमच्याकडे ब्रॅकनेलला असते. तिला विचारलं, तर चल म्हणाली. मग एके दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना अदितीचा मेसेज आला. पुलाव अमका, पुऱ्या तमकी. आणि शेवटी: सुजू, तू प्लेट्स आणि नॅपकिन बघशील? जॉब आणि मेत्ताची सुट्टी, तुला आधीच खूप आहे. मी अंगठा पाठवला. विचारसुद्धा केला नाही. अंगठा पाठवला आणि पुन्हा मीटिंगमध्ये मान डोलवायला लागले.

अदितीच्या मनात काही होतं का? देवाशपथ सांगते, म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण सांगते, मला नाही वाटत. तिच्या आईनं लावलेली रीत तिनं उचलली, एवढंच. आणि तिच्या आईच्या मनात? तेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नीलाकाकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा हॉलमध्ये शिरताच समोरच्या भिंतीवर नजर गेली त्यांची. तिथं निळा सूट, गोल चष्मा, हातात पुस्तक असा तो फोटो होता, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. घर छान आहे हो, म्हणाल्या. चहा नको, आत्ताच घेतला, म्हणाल्या. घेतला असेलही. पण त्यानंतरच्या कुठल्याच ट्रिपला आमच्या वाट्याला शिजवलेलं काही आलं नाही. आणि हीच बाई, पप्पा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आठवडाभर आमच्यासाठी डबा घेऊन येत होती, गरम पोळ्या फडक्यात गुंडाळून. द्यायच्या भरभरून. वाईट बाई असती तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं.

ट्रिपच्या आदल्या दिवशी आईनं मला सहज विचारावं तसं विचारलं, कितीजण येणारेत. मी म्हटलं, पोरंसोरं धरून पंचवीसेक. सकाळी उठले तर घरभर लसणाचा आणि भाजलेल्या पिठाचा वास. हॅरोच्या गुजराती दुकानातून आणलेलं जोंधळ्याचं पीठ संपलेलं, आणि तो जुना स्टीलचा डबा काठोकाठ भरलेला. मी म्हटलं, अगं किती केलेस! ती हात धूत होती. म्हणाली, अंदाज चुकला.

मी डब्यातले धपाटे मोजले. माणशी दोन. बरोब्बर माणशी दोन होते.

तेव्हा माझ्या डोक्यात ते सगळे ऑगस्ट एकदम उलटे झाले. तिचा अंदाज एकाही वर्षी चुकला नव्हता. ती दरवर्षी सगळ्यांसाठी करत होती. दरवर्षी पहाटे उठून, मला न कळता, सगळ्यांसाठी. या वर्षी तरी कुणीतरी विचारील, वहिनी, तुम्ही काय आणलंय, म्हणून. आणि दरवर्षी डबा डिक्कीतच राहायचा. माझ्या लहानपणातली सगळ्यात गोड आठवण म्हणजे आईला कुणी न विचारलेलं जेवण होतं. आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं होतं, वर कुरकुर करून.

डबा मी माझ्या हातानं डिक्कीत ठेवला. मनात म्हटलं, आज काढायचाच. सगळ्यात आधी टेबलावर हाच.

गाव म्हातारं झालंय. फळ्यांचा रंग उडालाय, सलूनमध्ये आता कार्ड लावल्याशिवाय स्क्वॉश मिळत नाही, एक निवडुंग मधोमध मोडून आतला पांढरा फायबर दिसतोय. शेरीफ नवा होता, पण बोलणं तेच. माझी मेत्ता नऊ वर्षांची. तिनं आल्या आल्या सगळीकडे एक नजर टाकली आणि हे सगळं क्रिंज आहे, बघूनच लाज वाटते, असं जाहीर केलं. तासाभरात बाई तुरुंगाच्या गजांना लोंबकळत होत्या. हापशाला साखळी लावून ठेवलीय. आई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, हे असते तर यांनी साखळी तोडली असती. मी हसले.

जेवायची वेळ झाली. लांब लाकडी टेबलावर डबे उघडले गेले. श्रीखंड, पुऱ्या, पुलाव, तीच नावं, फक्त आता प्रत्येक डब्यावर ग्लूटेन वगैरेची चिठ्ठी. मी प्लेट्स मांडल्या, नॅपकिन मांडले. गाडी समोरच होती, हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ. चावी माझ्या मुठीत. आणि अदितीनं टेबलावर नजर फिरवून मोठ्यानं विचारलं, "सगळं आलं ना? कुणाचं काही राहिलंय का?"

ज्या प्रश्नाची आईनं इतकी वर्षं वाट पाहिली तो शेवटी कुणीतरी विचारला होता. अगदी माझ्याकडे बघून विचारला होता. आई माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटलं, "नाही. आमच्या प्लेट्स आल्या."

लोक हसले. मी चांगलं बोलते, असं लोक म्हणतात.

कशाची भीती वाटली मला? कुणी नाही म्हणेल याची? या पोरांना कसली जात माहीत असणार, ती सुशीपासून कबाबपर्यंत काहीही खातात. मग नंतर लक्षात आलं, भीती दोन्हीकडून होती. एखादा जरी हात डब्यावरून पुढे गेला असता, एखादी जरी काकू म्हणाली असती, नको गं पोट भरलंय, तरी मी आयुष्यभर त्या हाताचा अर्थ लावत बसले असते. आणि समजा सगळ्यांनी ताव मारला असता, वा वहिनी, वा आजी, केलं असतं, तर? तर मग इतके ऑगस्ट आईनं डिक्कीत ठेवलं ते काय उगाच? आमच्याच मनाचा खेळ? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. डबा झाकलेला होता तोवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं आणि कुणी हो म्हटलेलं नव्हतं. मी ते तसंच ठेवलं. कारणं अशी छान मांडता येतात मला, पण खरं एवढंच की मला लाज वाटली. माझ्या आईच्या डब्याची मला लाज वाटली, चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या पैशाच्या गाडीची चावी हातात असताना.

माझं नाव सुजाता आहे. पप्पा लहानपणी गोष्ट सांगायचे: उपासानं हाडांचा सापळा झालेल्या गौतमाला जिनं खीर दिली ती सुजाता. मला वाटायचं, आपण एकदम भारी. आता वाटतं, त्या बाईनं निदान वाटी पुढे तरी केली होती.

जेवणं झाल्यावर नीलाकाकू काठी टेकत आमच्याजवळ येऊन बसल्या. आता फार थकल्यात, ऐकूही कमी येतं. त्यांनी आईचा हात हातात घेतला, पप्पांची आठवण काढली, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खरं पाणी. मग समोरची माझी पातळ पांढरी प्लेट उचलून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या त्या वेलीच्या प्लेट्स किती सुंदर असायच्या हो. तशा आता मिळत नाहीत."

आई म्हणाली, "हो. हे स्वतः निवडायचे."

मी उठून पोरांना बघायच्या निमित्तानं बँकेच्या मागे गेले. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या खुर्च्या आणि एक मोडकी घोडागाडी पडली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला तिथं कळलं.

परतताना मी सर्व्हिसेसला थांबणारच नव्हते. मेत्तानं टॉयलेटचा धोशा लावला म्हणून थांबले. तो गवताचा पट्टा अजून आहे. बाजूला आता इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर उभे केलेत. आई खाली उतरली, मागे गेली आणि तिनं मला डिक्की उघडायला सांगितलं. आवाजात काही नव्हतं. रुसवा नाही, टोमणा नाही. जणू हे असंच ठरलं होतं.

आम्ही तिघी गवतावर बसलो. मेत्ताचे मोजे ओले नव्हते, पण तिनं बूट काढले. पहिला घास खाल्ला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आजी, हे तर पुलावपेक्षा बेस्ट आहे! आपण नेहमी इथेच खायचा, हां?"

"हो गं बाई. इथंच खाऊ," आई म्हणाली आणि तिच्या धपाट्यावर दही घातलं.

मेत्तानं डब्यात डोकावून पाहिलं. पोरगी माझीच, हिशेबाला पक्की. एवढे सगळे कोणासाठी, आपण तर थ्री पीपल आहोत, असं तिनं विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती चटणीच्या डबीचं झाकण लावत होती, आणि ती नेहमीचं वाक्य बोलणार, अंदाज चुकला म्हणणार, हे मला कळलं. तेवढ्यात तरी मी बोलायला हवं होतं. आजीनं सगळ्यांसाठी केले होते, मम्मीनं काढले नाहीत, एवढी दोन वाक्यं. नऊ वर्षांच्या पोरीला कळली असती. मी तोंड उघडलंही.

आणि माझ्या तोंडून आलं, "तुझ्या आजीला अख्ख्या गावाचा स्वयंपाक करायची सवय आहे."

मेत्ता खिदळली. मी जशी खिदळायचे तशीच, तोंडात घास असताना. तेव्हा मला समजलं की पप्पांना सगळं माहीत होतं. दरवर्षी हापसा मारताना, दुकानात वेलीच्या प्लेट्स निवडताना, इथं या गवतावर बसून हसताना, त्यांना माहीत होतं. आणि आईलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगदी यांच्यासारखी बोललीस," ती म्हणाली.

मग तिनं डब्याला झाकण लावलं. डबा अजून जवळजवळ भरलेलाच होता.